पट्टा नसलेला लांडगा

तुमच्या भिंतीवर फक्त माणसाळलेलीच जनावरं का असतात? परवा इथे आखातात, रीम आयलंडच्या माझ्या फ्लॅटमध्ये रंगाऱ्याने टर्पेंटाइनचा डबा उघडला आणि त्या वासासरशी मी करामा वस्तीतल्या आमच्या लहानपणीच्या घराच्या हॉलमध्ये पोहोचले.

तिथे आईचं पहिलं तैलचित्र वाळत होतं. ओमानच्या किनाऱ्यावर तिला दिसलेला लांडगा: खाऱ्या पाण्याने चिकटलेले मानेचे केस, वर आलेल्या बरगड्या आणि कुणाचीही परवानगी न मागणारे पिवळे डोळे. तिथल्या मराठी मंडळाच्या प्रदर्शनासाठी चित्रं निवडायला आलेले काका बराच वेळ बघत राहिले.

"वहिनी, घरात लांडगा कोण लावणार? गळ्यात लाल पट्टा काढा, कुत्रा होईल. खलास."

"पट्टा काढला तर डोळेही बदलावे लागतील, भाऊजी," आई म्हणाली. "ते मला जमणार नाही. चहा घेणार ना?"

चित्र प्रदर्शनात लागलं नाही. मी मैत्रिणींना आधीच सांगून बसले होते, म्हणून आईवर चिडले. आज वाटतं, कलेच्या स्वातंत्र्यावर मी पुढे वाचलेल्या सगळ्या पत्रकांपेक्षा तिचं ते उत्तर ठाम होतं.

तुम्ही कुठल्या मंडळावर असाल, तर चित्र नाकारण्याआधी ते काढणाऱ्याला एवढंच विचारा: तुम्ही काय पाहिलंत?