शेजाऱ्यांचं घट्ट तेल

आमचे शेजारी संस्कृतचे निवृत्त शिक्षक आहेत. दूधविनायकच्या गल्लीत कुठेही वाद निघाला, की ते आधी "तसं नाही" म्हणतात आणि मग विषय काय आहे ते विचारतात.

त्यांना गाडी चालवता येत नाही. पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी नवी हायब्रिड गाडी त्यांची बायको चालवते. आठवड्यातून दोनदा ती आपल्या आईला डायलिसिसला नेते, त्यामुळे गाडी वाटेत बंद पडून चालणार नाही. इंजिनचं तेल बदलायला आम्ही तिघं मिस्त्रीकडे गेलो.

"गुरुजी, इसमें पतला सिंथेटिक ही पड़ेगा. ढक्कन पर नंबर लिखा है," मिस्त्री म्हणाला.

"पातळ तेलात काय दम असतो? तेल कसं तुपासारखं घट्ट हवं!" असं सांगून शेजाऱ्यांनी समोरच्या दुकानातून दाट तेलाचा डबा आणला, मिस्त्रीच्या हातात दिला आणि नदीच्या घाटावर गप्पा मारायला निघून गेले. बायकोने डबा त्याच्याकडून घेऊन डिकीत टाकला.

"भैया, ढक्कन पर जो लिखा है, वही डालिए," ती म्हणाली.

मिस्त्री हसला. मी पण हसले. नवऱ्याला समजावत बसण्यापेक्षा हे बरं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या गाडीत मागे बसले होते. सिग्नलला गाडी थांबली, तसे शेजारी खुशीत वळून म्हणाले, "ऐका काकू! घट्ट तेलामुळे इंजिनचा जरासुद्धा आवाज येत नाही."

"अहो, इंजिन बंद आहे," बायको म्हणाली. "गाडी आत्ता बॅटरीवर आहे."

"म्हणजे बघा! बंद असतानासुद्धा गुण येतोय."