पाचपैकी पाच

टेंपोचा आरसा माझ्या जावेच्या खांद्याला लागला आणि ती डोक्यावरच्या पाटीसकट उघड्या गटारात गेली. काकड्या रस्त्यावर पसरल्या. ती खाली डोकं करून पडली होती, हलत नव्हती. आमच्या मागून सायकल घेऊन चालणाऱ्या मुलीने सायकल टाकली आणि गटारात उतरली. मला उतरता आलं नाही. माझे गुडघे वाकत नाहीत.

ही मुलगी मुंबईहून आली होती. पोलादपुरातले रस्ते चालायला आणि सायकलला किती सोयीचे आहेत, ते मोजत होती. सायकलच्या दांड्याला मोबाईल बांधलेला. रस्त्याचे धक्के त्यात उमटतात म्हणाली. शिवाय बाजारात बसणाऱ्या आम्हा बायकांना विचारायची, या रस्त्याला पाचपैकी किती मार्क? आम्ही सगळ्यांनी पाच दिले. परक्या गावात पोर उन्हातान्हात एकटी फिरते, तिचे मार्क कापून नोकरी कशाला घालवायची? जाऊ तर म्हणाली, "सहा देता येत असतील तर सहा लिव."

मुलगी हसली नाही. "आजी, मार्क माझे नाहीत, रस्त्याचे आहेत. सगळ्यांनी पाच दिले तर इथे काहीच करायला नको, असंच ठरेल."

"मग उद्या आमच्यासंगती चाल," मी म्हटलं. "बघ आणि तूच लिव."

ती आली. फुटपाथवर मोटारसायकली उभ्या असतात, गटारावरच्या लाद्या कधीच गेल्या, म्हणून आम्ही रस्त्याच्या कडेने चालतो. डोक्यावर पाटी असली की मान वळत नाही. मागून काय येतंय ते कानानेच समजायचं. जावेला उजव्या कानाने कमी ऐकू येतं. हे मला ठाऊक होतं, तरी मी पुढे चालत होते.

टेंपोवाल्यानेच तिला महाडच्या दवाखान्यात नेलं. मार डोक्याला होता. डॉक्टर म्हणाले, शुद्धीवर आली तर पुढचं बघू. मुलगी बाकड्यावर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी तिने मार्कांचा कागद काढला.

"आजी, तुमचे पाच बदलू का?"

"माझा एक कर. जावेचं ती सांगेल."

"आणि त्या..." ती थांबली.

"नाय उठली तर पाचच राहू दे. मेलेल्या माणसाच्या वतीने मी नाय बोलणार."

मुलीने कागदाची घडी घातली. मला माझ्या बोलण्याचं काही वाटलं नाही. खरं तेच बोलले होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी जावेने डोळे उघडले. पाणी मागितलं. संध्याकाळपर्यंत माणसं ओळखायला लागली, तेव्हा मुलीने तिला मार्क विचारले.

"शून्य हाय का गो त्यात?" जाऊ म्हणाली.

"नाही आजी, एकापासून सुरू होतं."

"मग एक लिव. तुला साहेब बोलणार नाय ना?"

"नाही."

मुलीने एक लिहिला. जाऊ जगली.