उखाण्यांमधली जाहिरात

माझी वेबसाइट आहे असं कुणी चारचौघांत सांगितलं, की मी घाईघाईनं म्हणते, "उखाण्यांची आहे." समोरच्यानं काही विचारलेलं नसतं, तरी म्हणते. लग्नातले, मुंजीतले, संक्रांतीचे, डोहाळजेवणाचे उखाणे, एवढंच तिथं आहे. पण एका दुपारपासून ही घाई माझ्या जिभेला लागली आहे आणि ती काही जात नाही.

माझं माहेर ईट नावाचं गाव. लग्न होऊन उमरग्याला आले तेव्हा घरात निम्मं बोलणं कानडीत चालायचं. सासूबाईंना सगळे अव्वा म्हणतात, म्हणून मीही म्हणू लागले. नवऱ्याचं हायवेवर ट्रकच्या स्पेअर पार्टचं दुकान. पहिले काही महिने मी नुसती हसऱ्या तोंडानं बसून असायची, कारण बायका काय बोलतात ते कळायचं नाही. मला घरात जागा मिळाली ती उखाण्यांमुळं. गृहप्रवेशाच्या वेळी आयत्या वेळेला सुचलेला एक घेतला होता:

हायवेच्या कडेला गाड्यांची रांग,
……रावांचं नाव घेते, अजून काय हवं सांग!

बायकांनी तो तीनदा म्हणायला लावला. मग गल्लीत लग्न निघालं की नवरीची आई माझ्याकडं यायची. "आमच्या पोरीला एक करून दे गं, सोपा." मराठी घेऊन बी.ए. केलं होतं, त्याचा एवढाच उपयोग झाला म्हणून मी हसायची. पण करताना बरं वाटायचं.

वेबसाइट मी व्हिडिओ बघून शिकले. नावाच्या जागी टिंबं ठेवायची, ज्याचं त्यानं नाव घालावं. लग्नसराईत इतकी माणसं यायला लागली की मीच चकित झाले. मग कुणीतरी सांगितलं, यावर जाहिराती लावता येतात. जाहिरातींचं जाळं चालवणाऱ्या कंपनीकडं अर्ज केला. दोनदा नाकारला, तिसऱ्यांदा घेतला.

त्यात आपल्याला फार काही करायचं नसतं. पानावर फक्त रिकामी जागा सोडायची. त्या जागेत काय दिसेल ते कंपनी ठरवते, आणि ते प्रत्येकाला वेगळं दिसतं. ज्यानं आपल्या फोनवर जे शोधलं असेल, बहुतेक तेच त्याच्यापुढं येतं. मी एकदा कुकरची रिंग कुठं मिळते म्हणून बघितलं, तर पुढं कितीतरी दिवस माझ्याच उखाण्यांच्या मध्ये मला कुकर दिसत होते. मी ते अव्वांना दाखवलं. त्या म्हणाल्या, "ह्या फोनाला आपल्या सैपाकघरातलं कसं कळतंय गं?" आम्ही दोघी खूप हसलो.

पहिले पैसे आले तेव्हा मी अव्वांना इरकल घेतलं. जांभळं, लाल काठाचं. त्या ते नेसून मठात गेल्या आणि येताना चार घरं थांबत आल्या. "आमची सून घरात बसून कमावती. उखाणे लिवून." मला लाज वाटायची, पण ती गोड लाज होती.

मग नणंदेचं डोहाळजेवण आलं. ती माझ्याहून लहान, तिचं लग्नही माझ्यानंतरचं. माझ्या लग्नाला तेव्हा पाचवं वर्ष चालू होतं आणि मूल नव्हतं. अव्वा मला इथल्याच डॉक्टरणीकडं घेऊन जायच्या. तपासण्या झाल्या होत्या, सगळं व्यवस्थित होतं, तरी माझे सोमवारचे उपास चालू होते. त्या दिवशी ओटी भरायला मला पुढं बोलवायचं की नाही यावर आत कानडीत कुजबूज झाली. मला आता कानडी कळतं हे काही जणींच्या लक्षात नव्हतं. मी फुलांच्या वाड्या बांधत राहिले.

नणंदेची सासू, तिच्या जावा, आमच्याकडच्या बायका, असा हॉल भरला होता. झोपाळ्यावर नणंद हिरव्या साडीत बसलेली. सगळ्या जणी नाव घ्यायला लाजत होत्या. अव्वांना हुरूप आला. म्हणाल्या, "तुझं ते टीव्हीवर लाव की. सगळ्यास्नी दिसंल. वाचून घेतील."

माझा फोन जुना, टीव्हीला जोडला जाईना. नवऱ्यानं स्वतःचा जोडून दिला आणि अंगणात पुरुषांची पंगत बसवायला गेला. फोन माझ्या हातात. टीव्हीवर माझी वेबसाइट मोठी दिसली तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी डोहाळजेवणाचं पान उघडलं. वरचे तीन उखाणे दिसले. मी पान खाली सरकवलं.

आणि पडदाभर एक माणूस आला, उघड्या अंगाचा, बिछान्याच्या कडेला डोकं धरून बसलेला. मागं त्याच्याकडं पाठ करून झोपलेली बाई. वर ठळक मराठीत लिहिलं होतं: पुरुषांमधील कमजोरी, मूल न होणं, लाजू नका, आजच चूर्ण मागवा.

मी पटकन सरकवलं. पुढचे तीन उखाणे, आणि पुन्हा तोच माणूस. जास्त जागा सोडल्या की जास्त मिळतं हे मी शिकले होते, म्हणून दर तीन उखाण्यांनंतर मी एक जागा सोडली होती. जितकी घाई करावी तितका तो परत यायचा. तिसऱ्यांदा सोलापूरच्या कुठल्याशा दवाखान्याची जाहिरात आली, पुरुषांच्या तपासणीची. फोनवरून टीव्ही कसा तोडायचा तेच मला सुचेना.

"एनवा इदु?" नणंदेच्या सासूबाई म्हणाल्या. हे काय गं बाई. कुणीतरी तोंडात पदर धरला. भिंतीला टेकून बसलेल्या एका आजींना वाचता येत नव्हतं, त्या विचारत होत्या, "काय लिवलंय? सांगा की, काय लिवलंय?" कुणी सांगेना.

तेवढ्यात नवरा दारात आला. "अव्वा, बायकांची पानं मांडायची का?" असं म्हणत त्यानं टीव्हीकडं बघितलं. मी त्याच्याकडं बघत होते. तोवर मी मनात कंपनीला शिव्या देत होते. पण त्याचा चेहरा बघितला आणि हातातला फोन कुणाचा आहे ते आठवलं. त्याची मान खाली गेली. तो आला तसाच मागं फिरला.

हॉलमध्ये ही गोष्ट फक्त मला कळली होती. बाकीच्यांना वाटत होतं, वेबसाइट माझी, तर जाहिरात मीच लावलेली.

"हे तू टाकलंस व्हय?" अव्वांनी सगळ्यांसमोर विचारलं.

फोन यांचा आहे, एवढं एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य माझ्यानं कसं बोलवणार? मी म्हणाले, "व्हय अव्वा. माझ्याच वेबसाइटवरचं हाय. कंपनी काहीबी टाकती, माझ्याकडनं बघायचं राहिलं."

"असल्याचेच पैसे मिळत्यात व्हय सुनबाईला?" नणंदेच्या सासूबाई म्हणाल्या. मग जरा थांबून, "तरीच."

त्या 'तरीच'चा अर्थ मी अजून लावते आहे. घरात बसून पैसे कसे येतात ते कळलं, असा असेल. मूल का होत नाही ते कळलं, असाही असेल. बायका हसल्या नाहीत, तेच वाईट होतं. झोपाळ्यावरची नणंद रडायच्या बेतात आली होती. तिचा दिवस मी नासवला होता.

पंगत झाली, पाहुणे गेले. मी भांडी आवरत होते. खोलीत गेले तर पलंगावर ते जांभळं इरकल घडी करून ठेवलेलं. अव्वा दारातून म्हणाल्या, "मला नगं. असल्या पैशाचं अंगाला लावायचं न्हाय मला." मी ते कपाटात ठेवलं. त्याच संध्याकाळी वेबसाइटवरच्या सगळ्या जाहिराती काढून टाकल्या.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन दुकानात गेले. एरवी दुकानातला पोऱ्या डबा न्यायचा किंवा नवरा स्वतः जेवायला यायचा, मी दुकानात क्वचितच जाते. त्यानं शटर अर्धं ओढलं. डबा उघडला नाही.

"तुला कळलं न्हवं?" तो म्हणाला.

"कळलं."

"मग अव्वाला का न्हाय सांगितलंस? सगळ्यांनी तुला बोल लावला."

"काय सांगू? कशी सांगू?"

तो बराच वेळ ब्रेक लायनिंगच्या खोक्यावरची धूळ पुसत बसला. मग सांगितलं. वर्षभर तो फोनवर हेच वाचत होता. माझे रिपोर्ट चांगले आले त्या दिवसापासून. चूर्णाचं पार्सल दुकानाच्या पत्त्यावर मागवलं होतं, ते ट्रकच्या पाट्यांच्या स्प्रिंगांमागं ठेवून खात होता. तपासून घ्यायचं धाडस नव्हतं, कारण गावातल्या लॅबचा माणूस दुकानाचं गिऱ्हाईक.

"मी सोमवार धरत होते ते तुम्ही बघत होता," मी म्हणाले. आवाज चढला असावा, कारण बाहेर उभ्या ड्रायव्हरनं वाकून आत बघितलं. "अव्वा मला सारख्या डॉक्टरणीकडं नेत होत्या. तुम्ही गाडीवर सोडायला यायचात. एक शब्द बोलला न्हाईत."

"लाज वाटत हुती."

"आन मला?"

त्यानं शटर पुन्हा वर ढकललं. मी डबा तसाच ठेवून घरी आले. मला त्याचा राग आला होता, आणि टीव्हीसमोर मान खाली घातलेला तो आठवला की रागाचं पाणी व्हायचं. दोन्ही एकाच वेळी मनात घेऊन मी स्वयंपाक करत होते.

काही दिवसांनी सकाळी अव्वा ओट्यावर बसून ज्वारीचं पीठ चाळत होत्या. तो दुकानाला निघाला होता, पायात चपला घातल्या होत्या. तसाच परत फिरून त्यांच्याजवळ बसला आणि कानडीत सांगायला लागला. मी आत तव्यापाशी उभी. 'जाहिरात तिची नव्हती, माझ्या फोनमुळं आली, दोष असेल तर माझ्यात असेल, तिच्यात नाही.' एवढं त्यानं सांगितलं. चाळणीचा आवाज थांबला नाही. पीठ संपलं तरी त्या रिकामी चाळणी हलवत होत्या. तो उठून गेला.

नंतर त्या आत आल्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "पाव्हण्यांम्होरं तू माझ्या लेकराची लाज झाकलीस. आन मी…" मलाही त्यांच्याकडं बघवेना. पिठाचा डबा फळीवर ठेवत त्या म्हणाल्या, "चालू कर ते तुझं."

मी जाहिराती पुन्हा चालू केल्या. तेव्हा शोधल्यावर कळलं, काही प्रकारच्या जाहिराती आपल्या पानावर येऊच द्यायच्या नाहीत अशी सोय पहिल्यापासून होती. चूर्णं, वजन घटवणं, पत्त्यांचे जुगार, सगळं बंद केलं. पैसे कमी झाले. पण मनात एक गोष्ट राहिली ती राहिलीच. रोज माझ्या उखाण्यांवर इतकी अनोळखी माणसं येतात. कुणापुढं कर्जाची जाहिरात येते, कुणापुढं केसगळतीची, कुणापुढं मनाच्या डॉक्टरची. त्यांनी घरात कुणाला सांगितलं नसेल ते माझ्या पानावरच्या रिकाम्या जागेत उभं राहतं, आणि त्याचे मला पैसे मिळतात. माझ्या पडद्यावर ते दिसत नाही. पण आता मला माहीत आहे.

आम्ही दोघं सोलापूरला डॉक्टरकडं जाऊ लागलो. वाटेतल्या नळदुर्गपर्यंत तो खिडकीबाहेर बघत असायचा, पुढं कधीतरी बोलायला लागायचा. डॉक्टर तरुण होते, त्यांनी सगळं अगदी सहज विचारलं, जणू गाडीचं काम आहे. औषधं चालू आहेत. चूर्ण पहिल्याच भेटीत बंद करायला सांगितलं. अजून काही झालेलं नाही. होईल असं ते म्हणतात.

परवा दुपारी नणंदेच्या सासूबाईंचा अव्वांना फोन आला. नातीचं कौतुक सांगून झाल्यावर त्यांनी आमच्याकडची चौकशी केली असावी. नवरा जेवायला बसला होता, मी वाढत होते. अव्वांना फोनवर हळू बोलता येत नाही.

"न्हाय न्हाय," त्या म्हणाल्या, "सुनेला काय न्हाय. तिचं सगळं झकास हाय. आमच्या पोराला दवाखाना चालू हाय सोलापूरचा. व्हय, पोराला. त्यात लाजायचं काय, ताप येतो तसंच की."

माझा हात भाजीच्या पातेल्यातच राहिला. चोरून त्याच्याकडं बघितलं. त्याचे कान लाल झाले होते. तो खाली ताटात बघत घास चावत राहिला. मग ताट जरा पुढं सरकवून म्हणाला, "भाकरी वाढ."