शिवणीच्या बैलाचं पॉलिश

आमच्या दिग्रसच्या गल्लीतली पॉलिशवाली खाला लाकूड हातात आलं की आधी अंगठा ओला करायची, लाकडावर दाबायची आणि विचारायची, "बोल, तुले काय पायजे?" लाकडाला बरं का, गिऱ्हाईकाला नाही. गिऱ्हाईक मधे बोललंच तर, "तू चूप. तुयं नंतर."

"यवतमाळपासून वणीपर्यंत माह्यासारखा हात नाही," हे ती चहा मागावा तितक्या सहज सांगायची. मला हसू यायचं. मग आमचा बैल तिच्याकडे गेला आणि हसू गेलंच.

कापसाला भाव नव्हता ती वर्षं. दादाने बैलजोडी विकली. त्याची पोरगी परी तेव्हा पहिलीत. त्यातल्या ढवळ्याच्या रिकाम्या खुंट्याजवळ बसूनच जेवायची. म्हणून दादाने पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल मिरवतात त्या तान्ह्या पोळ्यासाठी सुताराकडून शिवणीच्या लाकडाचा बैल करून आणला. शिवण किती फिकी असते माहीत आहे ना? अगदी सायीसारखी. रंग नको, ढवळ्यासारखा पांढराच राहिला पाहिजे, एवढंच परीचं म्हणणं.

पण पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांचे खांदे हळद-तुपाने मळतो. परीला तेवढा धीर कुठला. तिने आधीच, कोऱ्या लाकडालाच मळलं. हळद आत गेली. दादाने कपाळावर हात मारला, परी रडून रडून लाल.

मी दोघांना, म्हणजे परीला आणि बैलाला, खालाकडे नेलं.

"कोनं केलं हे?"

"मी," परी म्हणाली.

"काहून?"

"त्याचा खांदा दुखते."

खालाने अंगठा ओला केला आणि बैलाच्या पिवळ्या खांद्यावर हळूच दाबला.

तिने खडूची पूड दाबून तूप शोषून घेतलं आणि बैल उन्हात ठेवला. "ऊन हळद खाते," म्हणाली. खरंच, पोळा जवळ येईस्तोवर पिवळं उडत उडत गेलं. मला वाटलं, झालं काम. खाला म्हणे, "कायचं झालं? हे पोरगी दरसाल मळन."

मग तिने जे केलं ते मी अजून सगळ्यांना सांगत फिरतो. शिवणीचेच तुकडे घेतले. एकाला जवसाचं तेल, एकाला लाखेचा चपडा, एकाला मेण, एकाला यवतमाळहून मागवलेलं पाण्याचं क्लिअर, म्हणजे बिनरंगी पॉलिश. सगळे वाळले, आणि या बाईने प्रत्येकावर हळद-तूप चोळलं. पॉलिशवर, मुद्दाम.

तेलाचा तुकडा हळदीआधीच पिवळट पडलेला. चपड्याचा मधासारखा. मेणाचा मात्र हळद लावेपर्यंत पांढरा होता, तेव्हा दादा म्हणालाही, "खाला, हेच लाव." तिने त्याच्यावरच्या हळदीवरून फडकं फिरवलं. हळद मेणातून आत उतरली होती. मग क्लिअरचा तुकडा पुसला. लाकूड जसंच्या तसं.

त्याच क्लिअरचे हात तिने बैलावर एकावर एक चढवले, मधे मधे बारीक घासत. परीच्या मांडीवर बैल ठेवला. "घे माय. आता मन भरून मळ. भेत नको जाऊ."

मागच्या उन्हाळ्यात खाला गेली. तिच्या दुकानात आता मोबाईलवाला बसतो.

परी दहावीत आहे. यंदाही पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तिने खांदे मळले, बराच वेळ. मी पुसायला फडकं पुढे केलं.

"सकाळपर्यंत राहू दे ना काका," ती म्हणाली. "मुरू दे."

मुरणार नाही, हे तिलाही माहीत आहे.