ओळंबा स्थिर होईपर्यंत

गाडीविषयी पहिला शब्द बोलण्याआधी ओळंबेकाका तिच्या मडगार्डच्या कडेला गवंड्याचा ओळंबा टांगत आणि तो हलायचा थांबेपर्यंत गप्प उभे राहत. गिऱ्हाईक चुळबुळले तरी त्यांना त्याचे काही नसे. टायर दोरीच्या बाहेर असला, तर गाडी रस्त्यावर नेण्याजोगी नाही, हा त्यांचा निकाल. आणि लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत त्यावर अपील नव्हते. त्यांचे खरे आडनाव मला फार उशिरा कळले.

आर्णीकडे आमचे शेत आहे. पावसाळ्यात तिथल्या काळ्या चिखलात रुतू नये म्हणून मी जीपला रुंद टायर घातले. ते बाहेर डोकावू लागले, तेव्हा मडगार्डच्या कडांना चाकांवर येतील अशा रुंद पट्ट्या बसवून घ्यायला काकांकडे गेलो. टायर झाकला की कायद्याचे समाधान होते, अशी माझी, म्हणजे महाविद्यालयात शिकवणाऱ्या माणसाची, समजूत होती.

"पट्टीनं टायर झाकते, सर," काका म्हणाले, "पण पट्टीनं गाडी रुंद होते, ते कायनं झाकसान? गाडीच्या नोंदणी पुस्तकातली रुंदी येगळी अन् रस्त्यावरची येगळी. कंपनीनं देल्ली तशी गाडी ठेवाची नसन, तर पहिले परवानगी आना."

"आणि नाही मिळाली तर?"

"तं जुने टायर घाला. आतापावतर का उडत जात होते वावरात?"

मी हसलो, आणि दुसऱ्या एका कारागिराकडून त्याच दिवशी पट्ट्या बसवून घेतल्या. परवानगीचा अर्जही केला नाही. पट्ट्यांच्या कडेला रबर नव्हते, स्क्रूची टोके उघडी होती. ते मला दिसले होते, हे आज लिहिलेच पाहिजे.

बोरी अरबच्या बाजारात गर्दीतून गाडी काढताना शेजारच्या दुचाकीचे हँडल त्या पट्टीत अडकले. चालवणारा पडला आणि त्याचा हात मोडला. अपघातानंतरच्या तपासणीत मोटार वाहन निरीक्षकांनी विचारले, "हे काम कोणाचे?" मी ओळंबेकाकांचे नाव सांगितले. त्यांच्या नावामुळे काम नियमाने झाले असेल असे वाटेल, इतकाच विचार मी केला. त्या नावाचे पुढे काय होईल, हा विचार केला नाही.

काकांना बोलावणे गेले. ते आले, ओळंबा टांगला आणि थांबले. निरीक्षकही थांबले. मग काकांनी पट्टीच्या धारेवरून बोट फिरवले. "साहेब, हे माह्या हातचं नाही. माह्या कामाले रबर असते, अन् टोक आतून ठोकलेलं असते. अन् कागदाशिवाय तं मी हातच लावत नाही."

निरीक्षकांनी माझ्याकडे पाहिले. मी जीपचे कागद चाळू लागलो. काकाच म्हणाले, "सरांचा घोटाळा झाला असन. लोहाऱ्यात दुकानं लई हायेत."

पट्ट्या काकांनीच काढल्या, जुने टायर घातले. मला काहीही विचारले नाही. ते न विचारणे मला महिनाभर सोसले, पुढे सोसेना. दुकानात जाऊन मी म्हणालो, "काका, तो घोटाळा नव्हता. मी खोटे बोललो होतो."

काका पाना पुसत होते. "मले कायले सांगता? मले तं मालूमच हाय. ज्याले मालूम नाही, त्याले सांगा."

मी निरीक्षकांना लेखी जबाब दिला. मग बोरी अरबला गेलो. तो माणूस प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन ओट्यावर बसला होता. तपासणीत मी घेतलेले नाव त्याच्या कानावर गेले होते, आणि तोवर तो काकांनाच दोष देत होता. माझे बोलणे संपल्यावर तो इतकेच म्हणाला, "बुढ्याले मी लई शिव्या देल्ल्या, सर." त्यालाही माफी मागायची होती, म्हणून येताना त्याला जीपमध्ये घेतले.

आम्ही दोघे दुकानात उभे राहिलो. काकांनी त्याच्या हाताकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि सवयीने जीपच्या मडगार्डला ओळंबा टांगला. तो हलत होता तोवर कोणी बोलले नाही.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. त्या दिवशी ओळंबा स्थिर झाल्यावर ते जे बोलले, ते माझ्याशी त्यांचे शेवटचे बोलणे ठरले. "टायर आत हाय. जा आता, पन या भाऊले घरापावतर सोडून द्या."