काय सोडलं ते सांगा

औषधशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला पोरं 'मुकादम सर' म्हणतात, हे ऐकून बाहेरगावचे पाहुणे चक्रावायचे. सरांना मात्र त्या नावाचं भारी कौतुक. लातूरच्या आमच्या फार्मसी कॉलेजातला एक नवा शिपाई "मुकादम सर कुठं हायत?" असं त्यांनाच विचारून बसला, तर हे हसून म्हणाले, "हाव, मीच तो. काम बोला."

नाव पडलं दुष्काळामुळं. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झालेला. नव्या कचेऱ्यांच्या भिंतींचा रंग अजून वाळायचा होता, आणि नळाला पाण्याचा टिपूस नाही. कॉलेजच्या खिडकीतून दुष्काळी काम दिसायचं. रस्त्याच्या कडेला बायामाणसं खडी फोडत बसलेली असायची. सर किनवटकडचे. "काय करून राहिले रे?" असं विचारतच वर्गात शिरायचे आणि फळा सोडून खिडकीकडं बोट दाखवायचे.

"ते काम म्हणजे लिव्हरची पेशी. आतला रिसेप्टर म्हणजे मुकादम. एरवी गप बसलेला असतोय. बाहेरचा परका माल आत आला, धूर म्हणा, औषध म्हणा, अन् याला चिकटला, की हा उठून पेशीच्या केंद्रात जातोय अन् सांगतोय, मजूर वाढवा! मजूर म्हणजे एंझाइम. ते परका दगड फोडून बारीक करतात अन् अंगाबाहेर लावतात. पण गड्यांनो, मजुराला काय माहीत कुणाचा दगड कोणता? धुरासाठी लावलेला मजूर तुमच्या औषधाची गोळी बी फोडून टाकतोय."

पुस्तकात हेच इंग्रजीत पानंच्या पानं होतं आणि आमच्या डोक्यावरून जात होतं. खडी फुटली आणि डोक्यात उजेड पडला. परीक्षेत एकानं रिसेप्टरच्या जागी सरळ 'मुकादम' लिहिलं, तर सरांनी त्याला पूर्ण मार्क दिले. त्यावरून प्राचार्यांशी भांडले ते वेगळंच.

दुसरी खोड अशी, की कुणी दुखणं सांगितलं की सर म्हणायचे, "नवं काय घेतलं ते समदेच सांगतात. काय सोडलं ते सांगा." कॅन्टीनवाल्याचं पोट दुखलं तरी तेच, शिपायाचं डोकं दुखलं तरी तेच. आम्ही पोरी मागून त्यांची नक्कल करायचो. पुढं तोच प्रश्न आमच्या घरात आला, आणि सगळी नक्कल जिरली.

आमचे बाबा त्याच खडीच्या कामावर होते. दम्यानं बेजार, तरी हातातली बिडी विझायची नाही. डॉक्टरांनी दम्यावर थिओफिलिनची गोळी दिलेली, आणि थोडीथोडी वाढवत बाबांना लागू पडेल एवढी केलेली. बाबांनी सगळ्या वस्तीसमोर शब्द दिला होता, "पोरीची सरकारी ऑर्डर आली, की बिडी बंद." नव्या जिल्ह्यामुळं दवाखान्यात जागा निघाल्या आणि मला औषधनिर्मात्याची ऑर्डर आली. आईनं घरोघरी साखर वाटली. बाबांनी उरलेलं बंडल चुलीत टाकलं आणि वर म्हणाले, "झालं. आता नाव काढू नका." तलफ आली तर तंबाखू मळून खायचे, पण बिडी नाही म्हणजे नाही.

आठवडाही झाला नसेल, बाबांना उलट्या सुरू झाल्या. हात थरथर कापायचे, छाती धाडधाड उडायची, झोप तर नाहीच. शेजारणींनी निदान करून टाकलं, की एकदम सवय मोडली, तेच बाधलं. आई नवं बंडल घेऊन उशाशी बसली. "ओढा की वो एक. जीव जाईल न्हाईतर!"

बाबांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. "मेलो तरी न्हाई. साऱ्या वस्तीसमोर बोललो हाय."

मी घाबरून सरांकडं धावले. सर तसेच सायकलवर टांग टाकून निघाले आणि घरात शिरताच बाबांना म्हणाले, "जयभीम, काका. काय सोडलं ते सांगा."

"बिडी. साऱ्या वस्तीला शब्द दिला हाय."

"अन् तंबाखू?"

"ती चालूच हाय."

सरांनी कपाळावर हात मारला. "तंबाखूचं न्हाई काका, हे धुराचं काम हाय! धूर थांबला, मुकादम खाली बसला, मजूर घरी गेले. गोळी मात्र तेवढीच येऊन राहिली. आत ढीग लागला तिचा. बिडी ओढणाऱ्याला ती गोळी बरोबर होती. आता तीच विष झाली."

मग आईकडं वळून म्हणाले, "वहिनी, तुमचं बी चूक न्हाई बरं का. बिडी दिली तर मजूर परततील अन् चार-आठ दिसांत उतार बी पडंल. पण आपण गोळी कमी करू. शब्द कशाला कमी करायचा?"

आईनं बंडल पदराआड सारलं. तिचे डोळे भरून आले होते.

सरांनी रिक्षा आणली, बाबांना डॉक्टरांकडं नेलं आणि बिडीची सगळी हकिकत सांगितली. डॉक्टरांनी दवाखान्यात ठेवून घेतलं आणि गोळी बंद केली. बाबा सावरले तेव्हा पुन्हा सुरू केली, ती बेतानं, पहिल्यापेक्षा कमी. थरथर थांबल्यावर बाबांनी पहिल्यांदा भाकरी मागितली, तेव्हा सर तिथंच बाकावर पेपर तपासत बसलेले होते. असा माणूस!

पुढं सर बदलून नांदेडला गेले आणि तिथंच राहिले. मीही नोकरीभर गोळ्या देताना प्रत्येकाला तोच प्रश्न विचारत आले. लोक वैतागायचे, पण विचारल्याशिवाय मी गोळी दिली नाही.

सर वारल्याचं कळलं तेव्हा बाबा थकलेले होते. कमरेत वाकलेले, तरी हट्टानं माझ्याबरोबर एसटीनं नांदेडला आले. घरी सरांची विद्यार्थीमंडळी जमलेली, मोठमोठे साहेब झालेले. सरांच्या मुलानं बाबांना खुर्ची दिली आणि आदरानं विचारलं, "आपण आमच्या बाबांना कसं ओळखत होता?"

बाबांनी आधी त्याचा हात हातात घेतला. मग म्हणाले, "लेकरा, जीव तर आमच्या मालकिणीनं बी वाचवला असता, बिडी देऊन. सरांनी माझा शब्द वाचवला."