नव्या वह्यांवर सांडलेला भंडारा

खरं सांगतो, त्या दिवसांत माझा खंडोबावरचा विश्वास पार हलला होता. त्याचाही माझ्यावरचा हलला असेल, कारण मी चौथीत दोनदा नापास झालेला माणूस आणि मागत होतो मुनीमगिरी. नवा मध्य प्रदेश झाला, आमच्या होळकरांच्या शहरातून राजधानी भोपाळला गेली, तिच्या मागे दफ्तरं गेली, बाबू लोक गेले. मिलवाले भरती सोडा, होते तेच लोक कमी करत होते. आमचे आजोबा होळकरांच्या फौजेत होते, हे मी प्रत्येक दुकानात सांगायचो. एक जण बोलला, "भिया, लड़ाई कहाँ चल रही है अपने यहाँ?"

वरून लग्नाचा पेच. परदेशीपुऱ्यातल्या एका मिल जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, मुलीशी माझं ठरत होतं. तिचे वडील साफ बोलले, "दिवाळीपर्यंत नोकरी दाखवा, नाहीतर रेल्वेवाल्याचं स्थळ तयार आहे." मुलगी मला फार आवडायची. मी तिला कशाला आवडायचो, ते तिने अजून सांगितलेलं नाही. मी रोज देवाशी सौदा करायचो. नारळ देतो, उपास करतो, जेजुरीला पायी येतो. देव काही ऐकेना.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी कळलं की कपडा मार्केटात एका पेढीवर शिकाऊ मुनीम ठेवणार आहेत. आईने खंडोबाच्या भंडाऱ्याची, म्हणजे हळदीची, पुडी माझ्या वरच्या खिशात कोंबली. चांगली मूठभर. तिला माझी अक्कल माहीत, चिमटीत भागणार नव्हतं.

तिथे तीन मॅट्रिक पास मुलं आधीच बसलेली. गादीवर म्हातारे मुनीमजी कोऱ्या वह्या उघडून बसले होते. त्या वह्यांना रेघा नसतात, पानं दुमडून घड्या पाडायच्या, तेच रकाने. दुसऱ्या दिवशी त्यांची पूजा होणार होती. मी आपला संस्कार दाखवायला गेलो, गादीला वाकून डोकं टेकवलं, अन् खिशातली पुडी सुटून सगळा भंडारा वह्यांवर! घाबरून माझ्या तोंडातून निघालं, "येळकोट येळकोट जय मल्हार!" मुनीमजींच्या मिशासुद्धा पिवळ्या.

"अरे भिया, ये क्या कर डाला! पूजा तो कल है!"

"देवाची हळद आहे जी. मी झटकून देतो सगळी."

"एक कण नहीं दिखना चाहिए."

बसलो. आता नोकरी मागायला तोंडच नव्हतं, देवाकडे पण नाही. मनात म्हटलं, मल्हारी, तुला काय करायचं ते कर, मी हळद पुसतो. एकेक पान फडक्याने झटकायचं अन् घडी परत तशीच बसवायची. पहिल्या घड्या वाकड्या झाल्या, मुनीमजींनी बोटांवर पट्टी मारली, मग सरळ यायला लागल्या. नोकरी देणाऱ्या शेठजींचा पत्ता नव्हता. मुलं कंटाळून एकेक उठली. एक चहा पिऊन येतो बोलला, तो अजून पितोच आहे. मी उठलो नाही. त्यात माझा काही गुण नाही, उठलो तर वह्यांचे पैसे भरून मागतील ही भीती.

दिवे लागता लागता शेठजी आले. मला विचारलं, "हिसाब आता है?"

"बीस तक पक्का, सेठजी. उँगलियाँ उतनी ही हैं."

मुनीमजी हसले. "जोड़-बाकी मैं सिखा दूँगा, सेठजी. टिक के बैठना किसको सिखाऊँ? इसको रख लो."

मी पळत परदेशीपुऱ्यात. तिचे वडील दारातच. माझे हात कोपरापर्यंत पिवळे, गाल पिवळे. ते बघतच राहिले. "अहो, नोकरी दाखवा म्हटलं होतं, तुम्ही तर लग्नाची हळद लावूनच आलात!" आतून ती इतकी हसली की शेजारी बाहेर आले. मग मी नोकरीचं सांगितलं. तर त्यांनी मला जवळच घेतलं. त्यांचा सदराही पिवळा झाला.

चमत्कार होता की माझा वेंधळेपणा, ते मला कळत नाही. एवढं कळतं की कितीतरी दिवस मी देवाला त्याचं काम शिकवत होतो. त्या दुपारी शिकवायचं सुचलंच नाही, तर त्याने करून टाकलं. आता देवासमोर काही मागत नाही. नुसता उभा राहतो, डोळे भरून येतात. बायको म्हणते, "चला आता, देवाला पण कामं आहेत."